स्वमग्न सहकारी आणि आपलें बोलणें

आपल्या घरांतून जें बोलणें चालतें त्यांतील निम्म्याहून अधिक बोलणें सरळ नसतें, हें कोणीहि विचारी गृहस्थ कबूल करील. "आज ओसरीवर फार कचरा दिसतो" असें सासूबाई म्हणाल्या म्हणजे सूनबाईंनीं केरसुणी हातीं घ्यावयाची असते; "पाहुणे मघांपासून बसले आहेत" याचा अर्थ चहाचें आधण ठेवा असा असतो; आणि "तुम्हांला वाटेल तसें करा" असें वडील माणसानें म्हटलें तर वाटेल तसें मुळींच करावयाचें नसतें, हें दहा वर्षांच्या पोरासहि ठाऊक असतें. ही सांकेतिक भाषा आपण कोणत्याहि पाठशाळेंत शिकलों नाहीं. ती नकळत अंगवळणीं पडली. परंतु ज्यांच्या ती अशी सहज अंगवळणीं पडत नाहीं, ज्यांस प्रत्येक संकेत त्रैराशिकासारखा सोडवून घ्यावा लागतो, अशीं माणसें आपल्यांत पूर्वींपासून आहेत. आणि आतां तीं शिकूनसवरून कचेऱ्यांतून, कारखान्यांतून व गोदामांतून आपल्या शेजारीं कामास बसूं लागलीं आहेत. त्यांस स्वमग्न असें म्हणतात. त्यांच्याशीं कामाच्या ठिकाणीं कसें बोलावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कर्जत-खालापूरच्या आमच्या भागास तो परका नाहीं. खोपोलीस टाटांचें वीजघर १९१५ सालीं चालू झालें. मागाहून कागदाचे, पोलादाचे, रसायनांचे कारखाने आले. द्रुतगति मार्ग झाल्यावर गोदामेंहि उभीं राहिलीं. कर्जतच्या घराघरांतून पहांटेची लोकल धरून मुंबईच्या कचेऱ्या गांठणारीं माणसें आहेत तीं निराळींच. इतक्या लोकांत कांहीं स्वमग्न असणारच. मात्र त्यांपैकीं पुष्कळांस आपण स्वमग्न आहोंत हें कोणी सांगितलेलें नसतें, आणि ज्यांच्या घरीं ठाऊक असतें तेथें सोयरिकीच्या भीतीनें ती गोष्ट माजघराबाहेर जात नाहीं.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. 'ऑटिझम' हा मूळ शब्द 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोवैद्य ब्लॉइलर यांनीं १९११ च्या सुमारास रूढ केला, पण तो वेगळ्या विकाराच्या संदर्भांत. आज आपण ज्यास स्वमग्नता म्हणतों तिचें वर्णन मॉस्को येथील डॉ. ग्रुन्या सुखारेव्हा यांनीं १९२५ सालीं केलें, आणि १९४३ सालीं अमेरिकेंत डॉ. लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांची हकीगत प्रसिद्ध केली, तेव्हांपासून तें नांव सर्वत्र झालें. 'स्वमग्न' हा आपला प्रतिशब्द कानास गोड आहे, पण मला तो पुरता पटत नाहीं. त्यावरून ध्यानस्थ बसलेला कोणी योगी डोळ्यांपुढें येतो. वास्तविक यांतील कित्येकांस मैत्रीची, घरोब्याची ओढ तुमच्याआमच्याइतकीच असते. अडचण असते ती आपण ज्या आडवळणानें त्यांच्याकडे जातों त्या आडवळणाची.

हा रोग नव्हे व वेडहि नव्हे. कर्जतजवळ वेणगांव येथें डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस उपचार करून घरीं पोंचविते; त्यांस २०१८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळाल्यापासून मानसिक आजारासंबंधीं आमच्याकडील लोक पूर्वींपेक्षां मोकळेपणानें बोलूं लागले, ही समाधानाची गोष्ट. पण त्या ओघांत दोहोंची गल्लत होऊं नये. मनोविकार जडतो आणि उपचारानें हटूं शकतो. स्वमग्नता ही मेंदूची जन्मापासूनची घडण आहे आणि ती जन्मभर राहते. आईच्या कोरडेपणानें मूल असें होतें, हा एके काळीं पाश्चात्य वैद्यांनीं पसरविलेला समज केव्हांच खोटा ठरला आहे. घडणीचें रूपहि प्रत्येकांत निराळें. कोणास मुळींच बोलतां येत नाहीं, कोणी दोन दोन पदव्या घेतो. कोणास यंत्राचा खडखडाट सहन होत नाहीं, कोणी त्याच यंत्राच्या आवाजांतला किंचित् बदल सर्वांआधीं ओळखतो. पुष्कळांत एक गोष्ट मात्र दिसते: उच्चारलेल्या शब्दाचा जो अर्थ होतो तोच ते घेतात.

आपल्या शास्त्रकारांनीं हा प्रश्न फार बारकाईनें पाहिलेला आहे. शब्दाच्या त्यांनीं तीन शक्ति सांगितल्या: सरळ अर्थ देणारी अभिधा, तो अर्थ जुळेना तेव्हां जवळचा अर्थ देणारी लक्षणा, आणि न बोललेलें सुचविणारी व्यंजना. 'काव्यप्रकाशा'ंत मम्मटानें सूर्य मावळल्याच्या एका साध्या वाक्याचें उदाहरण घेतलें आहे. तें ऐकून गुराखी गुरें वळवितो, दुकानदार माल आवरूं लागतो, सेनापति हल्ल्याची वेळ झाली असें समजतो. वाक्य एक, आज्ञा अनेक. काव्यांत हें भूषण होय. पण कचेरींत "साडेपांच वाजले वाटतें" असें साहेब म्हणाले आणि एकानें दिवे मालवले, दुसऱ्यानें उरलेली कामें उरकण्यासाठीं बाही सरसावली, आणि तिसऱ्यानें घड्याळाकडे पाहून "होय, साडेपांच वाजले" असें उत्तर दिलें, तर त्या तिसऱ्यास मूर्ख कां म्हणावें? शब्दांस प्रामाणिक राहिलेला तोच एक होय. 'सैंधव आण' या प्रसिद्ध आज्ञेची गोष्टहि तीच. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशचा घोडा. जेवतांना मीठ आणावें, प्रवासास निघतांना घोडा. प्रसंगावरून तात्पर्य ओळखावें असें शास्त्र सांगतें खरें. परंतु "मीठ कीं घोडा?" असें कोणी विचारलें, तर त्यास उत्तर देणें अधिक सोपें कीं त्याच्यावर डोळे वटारणें?

प्रस्तुत लेखकाचा एक जुना विद्यार्थी खालापूर तालुक्यांतील एका गोदामांत मालाची नोंद ठेवण्याच्या कामावर आहे. पाढे, तारखा, गाड्यांचे क्रमांक यांत वर्गांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मधल्या सुटींत मात्र तो एकटा भिंतीशीं उभा असे. नोकरी लागल्यावर पहिल्या तीन महिन्यांत त्याच्यावर तीन ठपके आले. मुकादम म्हणाला, "हा माल आज नाहीं गेला तरी चालेल." यानें तो माल बाजूस सारून दुसरें काम घेतलें. मुकादमाच्या मनांत होतें कीं, जमल्यास आजच रवाना व्हावा. पुढें एकदां साहेबांनीं सांगितलें, "शंभरएक खोकीं वेगळीं काढ." यानें विचारलें, "शंभर कीं एकशें एक?" भोंवतालचे लोक हंसले, आणि पोरगा आपली थट्टा करतो असें साहेबांस वाटलें. तिसऱ्या वेळीं गिऱ्हाइकाचा माणूस समोर उभा असतां साहेबांनीं पावतीवरचा क्रमांक वाचला, त्यासरशीं हा म्हणाला, "हा क्रमांक चुकला. हा गेल्या आठवड्यांतील मालाचा आहे." क्रमांक खरोखरच चुकलेला होता. ठपका आला तो चारचौघांत बोलल्याबद्दल.

या तिन्ही प्रसंगीं त्यानें एकहि आज्ञा मोडली नव्हती, एकहि खोटें बोलला नव्हता, आणि तिसऱ्या वेळीं तर मालकाचें नुकसान टाळलें होतें. असें असूनहि चौथ्या महिन्यांत त्यास काढून टाकण्याचें जवळजवळ ठरलें. घरांत मिळवता तोच एकटा. वडील अर्धांगवायूनें अंथरुणावर. आपलें काय चुकलें असें त्यानें घरीं येऊन विचारलें, तेव्हां आईस उत्तर देतां आलें नाहीं.

येथें आपल्या कुटुंबपद्धतीविषयीं एक स्पष्ट बोलावेंसें वाटतें. एकत्र कुटुंबांत वडिलांचा शब्द एकदां ऐकावा व उमगून घ्यावा, फिरून विचारूं नये, असें वळण आपण मुलांस लावतों. पुन्हां विचारणें म्हणजे उलट बोलणें. हेंच वळण घेऊन आपलीं मुलें पुढें साहेब होतात, आणि हाताखालच्या माणसानें "म्हणजे नक्की काय?" असें विचारलें कीं त्यांस तो उद्धटपणा वाटतो. स्वमग्न मनुष्यास तर विचारल्यावांचून गत्यंतरच नसतें. तो विचारतो तो खोडी काढण्यासाठीं नव्हे, काम बिनचूक व्हावें म्हणून. एकदोनदां खेंकसल्यावर तो विचारणें सोडतो, अंदाजानें काम करूं लागतो, आणि अंदाज हेंच तर त्याचें दुबळें अंग. मग काम बिघडतें आणि "आम्हीं म्हटलेंच होतें" असें म्हणावयास सगळे मोकळे.

शिवाय मोघम बोलण्यांत बोलणाऱ्याचा एक लपलेला फायदा असतो, तो कोणी उघड सांगत नाहीं. "जरा लौकर आटपा" असें सांगितलें आणि काम वेळेवर झालें, तर श्रेय सांगणाऱ्याचें. उशीर झाला तर ऐकणाऱ्यास समजलें नाहीं. "चार वाजेपर्यंत पुरें करा" असें म्हटलें कीं सांगणाराहि चार वाजण्यास बांधला गेला. सव्वातीनला येऊन कां झालें नाहीं असें त्यास विचारतां येत नाहीं. स्पष्ट बोलण्याचा कंटाळा अधिकाऱ्यांस कां असतो याचें निम्मेंअधिक कारण माझ्या मतें हेंच आहे.

ज्यांस असें वाटतें कीं इतकें नेमकें बोलून जगाचा व्यवहार चालत नाहीं, त्यांनीं कर्जतच्या फलाटावर घटकाभर उभें राहावें. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्याची चढण कोठें कोठें ३७ फुटांस एक फूट इतकी आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांस कर्जतला मागून जादा इंजिनें लावतात. तीं गाडी ढकलीत लोणावळ्यापर्यंत नेतात. पुढच्या इंजिनाचा चालक आणि मागच्या इंजिनांचे चालक यांच्यामध्यें सबंध गाडी असते. एकमेकांचें तोंड दिसत नाहीं. तेथें कोणी "जरा ढकला" म्हणत नाहीं. शिट्या किती, आंखूड कीं लांब, याचे अर्थ ठरलेले आहेत. तीन आंखूड शिट्या झाल्या कीं गार्डानें ब्रेक लावावयाचा. कामामुळें मार्गांत वेग कमी करावयाचा असेल तर कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत आणि ताशीं किती, हें कागदावर लिहून चालकाच्या हातीं देतात. दोन स्टेशनमास्तर महत्त्वाचा निरोप देतांना ठराविक प्रायव्हेट नंबर सांगतात आणि तो वहींत टिपून ठेवतात, कीं मागाहून "मी म्हटलें होतें, तूं ऐकलें नाहींस" हा वाद नको. रेल्वेंत तीन तीन पिढ्या काढलेलीं घराणीं कर्जतला आहेत. त्यांस हें सांगावयास नको. ही शिस्त कोणा स्वमग्न माणसासाठीं घातलेली नाहीं, जीव वांचावेत म्हणून घातलेली आहे. पण अशा शिस्तींत आज्ञा घेणें ज्यास मिळालें त्या स्वमग्न माणसाचें निम्मेंअधिक ओझें उतरतें.

आतां व्यवहारांत काय करावें? आज्ञा तोंडीं देऊन भागवूं नये. चिठ्ठीवर अथवा मोबाइलवर दोन ओळी लिहून द्याव्या. तर्कसंग्रहकारानें वाक्यास संनिधि हवी म्हटलें आहे, म्हणजे एक शब्द आतां आणि दुसरा प्रहरानें उच्चारला तर तें वाक्यच होत नाहीं. आमचे कित्येक अधिकारी सकाळीं अर्धी आज्ञा देतात आणि उरलेली अर्धी दुपारीं शिपायाबरोबर धाडतात. तसें न करतां सबंध काम एकदमच सांगावें. 'थोडें', 'लौकर', 'सवडीनें', 'नीट' हे चार शब्द गाळले तर बरेंचसें काम होईल. त्यांच्या जागीं आंकडा, वेळ आणि नमुना द्यावा. काम झालें असें केव्हां समजावयाचें, हें सांगण्यास तर आपण हटकून विसरतों. बदल होणार असेल तर आदल्या दिवशीं कळवावा; ऐन वेळीं जागा, पाळी किंवा सोबतीचा माणूस बदलला तर आपणांस चरफड होते, पण त्यास दिवसभर हातपाय गळाल्यासारखें होतें. 'डोळ्यांत तेल घालून', 'हात वर केले', 'डोक्यावर बसला' असे वाक्प्रचार त्यास बहुधा ठाऊक असतात, परंतु घाईंत ते उलगडण्यास त्यास वेळ लागतो. नजरेस नजर देत नाहीं म्हणून त्यास लबाड समजूं नये. कित्येकांस डोळ्यांत पाहणें आणि ऐकणें हीं दोन कामें एका वेळीं साधत नाहींत, आणि खालीं पाहतो तेव्हांच तो खरोखर ऐकत असतो. चूक सांगावयाची तर एकांतांत, पण थेट सांगावी. "तुमचें काम तसें चांगलें आहे, फक्त..." अशा साखरेच्या पाकांतून सांगितलेली चूक त्याच्या हातीं लागतच नाहीं.

याउलट कित्येक दयाळू लोक दुसरें टोंक गांठतात. ते त्याच्याशीं लहान मुलासारखें लाडेंलाडें बोलतात, किंवा त्याच्यादेखत त्याच्याविषयीं दुसऱ्यास विचारतात. त्यास अनुकंपा नको आहे. त्यास काम काय तें कळावयास हवें आहे. एका स्वमग्न माणसास जें मानवलें तेंच दुसऱ्यास मानवेल असेंहि नाहीं, म्हणून सर्वांत चांगला उपाय म्हणजे ज्याचें त्यालाच विचारणें. स्त्रियांच्या बाबतींत तर हें विशेषच. मुली लहानपणापासून इतरांचें पाहून हंसणें-बोलणें उचलतात, त्यामुळें बँकेंत किंवा शाळेंत वर्षानुवर्षें काम करूनहि त्यांची अडचण कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि घरीं आल्यावर त्या इतक्या थकलेल्या कां असतात हें घरच्यांसहि कळत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, दोष त्यांचा आणि वळण आम्हीं बदलावें काय? डेमियन मिल्टन हे इंग्लंडांतील समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनीं २०१२ सालीं असें मांडलें कीं, समजूत न पटण्याची ही अडचण दुहेरी आहे: त्यास आपलें मन वाचतां येत नाहीं असें आपण म्हणतों, पण आपणांस तरी त्याचें कोठें वाचतां येतें? स्कॉटलंडच्या एडिंबरो येथील संशोधकांनीं पुढें एक प्रयोग केला. एकानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास गोष्ट सांगावयाची, अशा साखळ्या त्यांनीं लावल्या. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत केवळ स्वमग्नांच्या साखळीनें इतरांच्या साखळीइतकीच गोष्ट नीट पोंचविली; गळती झाली ती मिश्र साखळींत. याच विषयावरचा मोठा प्रयोग २०२५ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत मिश्र साखळीहि मागें पडली नाहीं. मिश्र साखळीबद्दल दोहोंचा निकाल जुळत नसला, तरी माहिती देण्याघेण्यांत स्वमग्न मनुष्य जात्याच उणा असतो, ही समजूत दोन्ही वेळां टिकली नाहीं.

कायदाहि आतां मुका राहिलेला नाहीं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत स्वमग्नतेचा नामनिर्देश झाला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत ती आली. सरकारी नोकरींत दिव्यांगांसाठीं किमान ४ टक्के जागा राखावयाच्या आहेत. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार व बहुविध दिव्यांगत्व यांच्या वांट्यास आहे. त्याच कायद्यांत 'वाजवी सोय' अशी कल्पना आहे. पायऱ्यांशेजारीं उतरण बांधणें ही जशी सोय, तशीच आज्ञा लिहून देणें हीहि सोयच. आणि तिला सिमेंट लागत नाहीं. डेन्मार्कमध्यें थॉर्किल सॉन्ने या गृहस्थांनीं, स्वतःचा मुलगा स्वमग्न असल्यामुळें, अशा व्यक्तींस संगणकाच्या कामावर लावणारी संस्था २००४ सालीं काढली. सॅप या जर्मन कंपनीनें तिच्या साहाय्यानें २०१३ सालीं जो उपक्रम हातीं घेतला, त्याचा आरंभींचा प्रयोग आपल्या बंगळुरास झाला. मुंबईंत फोरम फॉर ऑटिझम आणि पुण्यांत प्रसन्न ऑटिझम सेंटर या संस्था स्वमग्न मुलांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं काम करीत आहेत. कर्जतहून दोन्ही शहरें गाडीच्या टप्प्यांत आहेत. ज्यांच्या घरीं मूल लहान आहे त्यांनीं तेथें चौकशी करण्यास संकोच धरूं नये.

नोकरीच्या ठिकाणीं सांगावें कीं न सांगावें, हा निर्णय ज्याचा त्यानें घ्यावा. घरच्यांनीं तो परस्पर घेऊं नये, आणि साहेबांनींहि कळलेली गोष्ट चहाच्या टपरीवर नेऊं नये. नांव न घेतांहि गरज सांगतां येते. "मला काम लिहून मिळालें तर चुकत नाहीं" एवढें वाक्य पुरेसें असतें.

त्या गोदामांतील तरुणाची नोकरी वांचली ती एका वृद्ध कारकुनामुळें. कायदा, प्रयोग यांतील कांहीं त्यास ठाऊक नव्हतें. त्यानें दोनशें पानी वही आणली, तींत चार रकाने आंखले: काय, किती, किती वाजेपर्यंत, आणि झाल्यावर कोणास सांगावयाचें. मुकादमास त्यानें बजावलें कीं, वहींत नसेल तें काम सांगितलेलें नाहीं असें समजावें. चूक काढण्याबद्दलहि नियम ठरला: चूक दिसली तर पान दुमडून साहेबांस एकट्यास दाखवावी, मात्र गाडी निघण्याच्या बेतांत असेल तर तेथल्या तेथें मोठ्यानें सांगावें, मग समोर कोणीहि असो. मुकादमानें आरंभीं कुरकुर केली. पण दोन महिन्यांनीं रात्रपाळीच्या माणसांनीं तसलीच वही मागून घेतली. अलीकडे तींत पांचवा रकाना आला आहे, 'अडल्यास कोणास विचारावें' असा. तो त्या तरुणानेंच सुचविला, आणि पहिल्या पानावर मुकादमाचें नांव व फोन नंबर त्यानें सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवला आहे.